उपेक्षित संशोधक डॉ. सुभाष मुखोपाध्याय

भारतातील पहिली टेस्ट ट्यूब बेबी ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात जन्मली, ही नोंद अनेक वर्षे प्रमाण मानली जात होती. प्रत्यक्षात हा मान ३ ऑक्टोबर १९७८ रोजी कोलकात्यात जन्मलेल्या 'दुर्गा'चा होता. मात्र तो मान्य होईपर्यंत तिच्या जन्मामागील संशोधक हयात नव्हता.

डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांचा जन्म १६ जानेवारी १९३१ रोजी हजारीबाग येथे झाला. कोलकात्यात वैद्यकीय शिक्षण घेतल्यानंतर त्यांनी कोलकाता व एडिंबरा या दोन्ही विद्यापीठांची डॉक्टरेट संपादन केली. इंग्लंडमध्ये लुईस ब्राऊनचा जन्म २५ जुलै १९७८ रोजी झाला, तेव्हा ते सुनीत मुखर्जी व डॉ. सरोजकांती भट्टाचार्य या सहकाऱ्यांसह तुटपुंज्या साधनांनिशी स्वतंत्रपणे तेच ध्येय गाठत होते.

त्यांची पद्धत मात्र वेगळी होती. संप्रेरके देऊन अधिक स्त्रीबीजे मिळवायची, शरीराबाहेर फलन घडवायचे आणि आठ पेशींचा गर्भ गोठवून नंतरच्या मासिक चक्रात गर्भाशयात सोडायचा. या टप्प्यावर पेशींची कामे पक्की ठरलेली नसतात. पुढे परस्परांच्या संकेतांनुसार काही पेशी वार, तर काही शरीर घडवतात. गर्भ रुजण्यासाठी त्याचा व गर्भाशयाच्या अस्तराचा रासायनिक संवाद जुळावा लागतो. संप्रेरकांच्या माऱ्याने तो बिघडू शकतो, म्हणूनच थांबण्याला महत्त्व होते.

पश्चिम बंगाल सरकारने नेमलेल्या चौकशी समितीने त्यांचा दावा अमान्य केला. समितीचे अध्यक्षपद एका रेडिओ भौतिकशास्त्रज्ञाकडे होते. जपानमध्ये संशोधन मांडण्याचे निमंत्रण आले, पण परवानगी मिळाली नाही. जून १९८१ मध्ये त्यांची बदली नेत्ररोग संस्थेत झाली. १९ जून १९८१ रोजी, वयाच्या अवघ्या पन्नासाव्या वर्षी, त्यांनी जीवनयात्रा संपवली. त्याच वर्षी केंब्रिजमध्ये मार्टिन इव्हान्स व मॅथ्यू कॉफमन यांनी उंदराच्या गर्भातून मूलपेशी वेगळ्या केल्याचे जाहीर केले.

मुखोपाध्याय यांना न्याय मिळाला तो मुंबईमुळे. केईएममधील यशाचे एक शिल्पकार डॉ. टी. सी. आनंद कुमार यांनी त्यांची टिपणे अभ्यासली आणि १९९७ मध्ये पहिलेपणाचा मान जाहीरपणे त्यांना दिला. त्यासाठी त्यांना स्वतःच्या नावावरील मान सोडावा लागला. गर्भ गोठवून नंतर रोपण करण्याची पद्धत आज जगभरातील वंध्यत्व उपचार केंद्रांत रूढ झाली आहे.