उतारावरच्या गाडीला लगाम घालणारा जॉर्ज वेस्टिंगहाऊस

कॅसलरॉकहून दूधसागरमार्गे कुळेकडे उतरणारी रेल्वेगाडी असो, वा छिंदवाड्याहून सातपुड्याचा उतार उतरून सौसर, लोधीखेडा या मराठी मुलखातून नागपूरकडे जाणारी. चढणीपेक्षा उतरणच तिची खरी परीक्षा पाहते. त्या परीक्षेत प्रवाशांना तारणारा एअर ब्रेक ही अमेरिकन संशोधक जॉर्ज वेस्टिंगहाऊस यांची देणगी होय.

६ ऑक्टोबर १८४६ रोजी न्यूयॉर्क राज्यातील सेंट्रल ब्रिज या गावी त्यांचा जन्म झाला. वडिलांचा शेतीयंत्रांचा कारखाना हीच त्यांची खरी शाळा. अमेरिकेच्या यादवी युद्धात त्यांनी लष्कर व नौदल अशा दोन्हींत सेवा बजावली. महाविद्यालयात मात्र ते काही महिनेच रमले.

त्या काळी इंजिनचालकाने शिटी दिली की ब्रेकमन डब्यांच्या टपांवरून धावत आणि एकेका डब्याचा ब्रेक हाताने आवळीत. पावसात वा बर्फात पाय घसरून कित्येकांचे प्राण जात. दोन मालगाड्यांच्या टकरीमुळे प्रवास खोळंबला असता वेस्टिंगहाऊस यांच्या मनात या प्रश्नाने घर केले. आल्प्समधील बोगदा दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या यंत्रांनी खोदला जात असल्याचे वाचनात आले आणि त्यांना वाट गवसली. १८६९ मध्ये, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, त्यांनी एअर ब्रेकचे पेटंट मिळवले.

या पहिल्या रचनेत एक घातक उणीव होती. इंजिनातील हवा नळीवाटे डब्यांकडे सोडल्यावर ब्रेक लागत. नळीच फुटली तर ब्रेक निकामी. १८७२ मध्ये त्यांनी ही रचनाच उलटी केली. प्रत्येक डब्याला हवेची स्वतंत्र टाकी आणि झडप दिली. नळीतील दाब कायम असेतो ब्रेक सुटलेले राहतात. दाब घटताच झडप उघडून टाकीतील हवा ब्रेक आवळते. गाडी मधोमध तुटली तरी दोन्ही भाग आपोआप थांबतात. बिघाड हाच थांबण्याचा इशारा ठरावा, हा त्यांचा सर्वांत मोठा विचार.

१८९३ मध्ये अमेरिकेत कायद्याने रेल्वेगाड्यांना असे ब्रेक सक्तीचे झाले. टेस्ला यांची पेटंटे घेऊन त्यांनी प्रत्यावर्ती वीजप्रवाहाचाही प्रसार केला. १९०७ च्या आर्थिक संकटात मात्र स्वतःच उभारलेल्या वीज कंपनीवरील ताबा त्यांनी गमावला. १२ मार्च १९१४ रोजी न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले.

भारतीय रेल्वेत दीर्घकाळ निर्वात ब्रेक प्रचलित होते. एअर ब्रेक गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत रुळले. आज अवजड ट्रक आणि बसगाड्याही दाबलेल्या हवेच्याच बळावर थांबतात. घाट उतरून फलाटावर विसावताना गाडीखालून येणारा हवेचा सुस्कारा म्हणजे टपांवरून घसरलेल्या त्या अनाम ब्रेकमनांच्या प्रश्नाला वेस्टिंगहाऊस यांनी दिलेले उत्तर आहे.