मुळशीचे पाणी आणि सेनापती

सेनापती बापट मार्ग ठाऊक नाही असा माणूस मुंबई-पुण्यात सापडायचा नाही. दादरला फुले-भाजी घ्यायला गेलेली गृहिणी त्याच रस्त्याने चालते. जुनी माणसे त्याला अजून तुळशी पाइप रोड म्हणतात. पण हे बापट कसले सेनापती, त्यांची फौज कुठली, असे घरातल्या नातवंडाने विचारले तर आपण बहुतेक जण ते स्वातंत्र्यसैनिक होते एवढे सांगून वेळ मारून नेतो.

त्यांची फौज म्हणजे मुळशी पेट्यातले मावळे शेतकरी आणि लढाई एका धरणाशी. ते धरण धूर न सोडणाऱ्या विजेसाठी होते, ही गोष्ट आजच्या काळात अधिक महत्त्वाची वाटते. जगभर हवामान बदलाचे कायदे होत आहेत, कर्बवायू किती साली किती कमी करायचा याच्या तारखा ठरत आहेत. अशा वेळी हे चरित्र जुन्या कपाटातून बाहेर काढावेसे वाटले.

पांडुरंग महादेव बापट १२ नोव्हेंबर १८८० रोजी नगर जिल्ह्यातल्या पारनेरला जन्मले. घरची परिस्थिती बेताची, बुद्धी मात्र तल्लख. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून पुढे शिष्यवृत्ती मिळवून ते १९०४ साली एडिंबरोला यंत्रशास्त्र शिकायला गेले. तिथे हिंदुस्थानातल्या इंग्रजी राजवटीवर त्यांनी जाहीर टीका केली आणि शिष्यवृत्ती गेली. मग लंडनचे इंडिया हाउस, सावरकरांचा सहवास, पॅरिसला जाऊन हेमचंद्र दासांबरोबर घेतलेले बाँबचे शिक्षण. १९०८ साली ते मायदेशी परतले, ती बाँबची विद्या बरोबर घेऊनच. बंगालमधल्या कटात नाव आल्यावर काही वर्षे भूमिगत राहिले. १९१२ साली इंदूरला पकडले गेले, पण पुरावा नसल्याने सुटले. त्यानंतर पारनेरला हा विलायतेला जाऊन आलेला माणूस हातात खराटा घेऊन गावचे रस्ते झाडू लागला. गावाला ते वेड वाटले असणार. आपल्याकडे असल्या कामाला आधी वेडच म्हणतात.

आता विजेकडे येऊ. त्या काळी मुंबईच्या कापड गिरण्या दगडी कोळशावर चालत. कोळसा दुरून यायचा, महाग पडायचा आणि परळ-लालबागवर धुराचे छत धरायचा. घाटमाथ्यावरचा धो धो पाऊस अडवून कड्याखाली सोडावा आणि त्यावर वीज करावी, ही कल्पना जमशेटजी टाटांच्या डोक्यात घोळत होती. ते १९०४ साली वारले. कल्पना पुढच्यांनी खरी केली. खोपोलीचे वीजघर १९१५ साली सुरू झाले, भिवपुरीचे १९२२ साली. आजच्या भाषेत ही स्वच्छ ऊर्जा, आणि तीही कर्बवायूचे नाव सामान्य माणसाने ऐकण्याच्या कितीतरी आधीची. टाटांच्या दूरदृष्टीचे कौतुक करावे तेवढे थोडेच आहे. हे मी मनापासून लिहितो.

तिसरी योजना मुळशीची. मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमावर धरण बांधायचे आणि पूर्वेला वाहणारे पाणी बोगद्यातून पश्चिमेला वळवून कोकणात भिऱ्याच्या वीजघरावर सोडायचे. भिरा म्हणजे त्या वेळच्या कुलाबा आणि आताच्या आमच्या रायगड जिल्ह्यातले गाव. मुळशीचे खोरे आंबेमोहर तांदळाचे. पन्नासच्या वर गावे आणि सुमारे अकरा हजार माणसे पाण्याखाली किंवा पाण्याच्या तोंडावर येणार होती. शेतकऱ्यांना न विचारता शेतांत चर खणायला सुरुवात झाली, तेव्हा त्यांना हे समजले.

१६ एप्रिल १९२१, रामनवमीचा दिवस. बाराशेच्या आसपास माणसे धरणाच्या जागेवर जाऊन बसली आणि काम थांबले. सहा महिन्यांसाठी थांबवले, असे कंपनीने कबूल केले. या मधल्या काळात सरकारने १८९४ च्या भूसंपादन कायद्याने जमिनी ताब्यात घेण्याचे ठरवले. या कायद्याचा एक भाग खास कंपन्यांसाठी जमीन घेण्याचाच होता.

आणि इथे खरी मेख होती. जमिनी कसणारे मावळे, पण कागदावर मालक बहुतांशी पुण्याचे सावकार. भरपाईचा आकडा बरा ठरताच सावकारांचा विरोध मावळला. पैसे त्यांच्या हाती गेले. मावळ्यांच्या कर्जापोटी राहिले सुरलेही वळते झाले. नोकरीत असताना मी जमिनीच्या मोबदल्याची कितीतरी खाती उघडली आहेत. सातबाऱ्यावर ज्याचे नाव त्याचा धनादेश. चिखलात उभा असलेला माणूस शाखेच्या बाकावर बसून नुसता बघत असे. त्यामुळे मुळशीची ही हकिगत वाचताना मला कुणी समजावून सांगावे लागले नाही.

डिसेंबर १९२१ मध्ये सत्याग्रह पुन्हा सुरू झाला आणि त्याचे नेतृत्व बापटांकडे आले. सेनापती ही पदवी इथली. तुरुंगवास झाला, सुटका झाली, पुन्हा तुरुंगवास झाला. विनायकराव भुस्कुटे यांच्यासारखे सहकारी खांद्याला खांदा लावून होते, पण पुण्यातल्या पुढाऱ्यांचा उत्साह ओसरत गेला. अखेर ९ डिसेंबर १९२४ रोजी बापटांनी साथीदारांसह धरणाचे सामान नेणारी आगगाडी रुळांवर दगड रचून अडवली, पिस्तूलही झाडले. सात वर्षांची शिक्षा झाली. हा मार्ग सत्याग्रहात बसत नव्हता, आणि मला स्वतःला तो पटत नाही. पण तीन वर्षे शांतपणे बसलेल्या माणसांचे कुणी ऐकले नव्हते, हेही तितकेच खरे. बापट तुरुंगात असतानाच १९२७ साली भिऱ्याची वीज सुरू झाली.

त्यांना यंत्राचा तिटकारा होता अशी समजूत करून घेणे चूक ठरेल. एडिंबरोला यंत्रशास्त्र शिकलेला माणूस होता तो. ज्याची भाकरी जाते त्याला विचारले होते का, एवढाच वाद होता.

मुळशीचे वर्तुळ किती मोठे आहे ते जासईत उभे राहिले की कळते. नवी मुंबईसाठी आणि बंदरासाठी आमच्या भागातल्या भातजमिनी, मिठागरे गेली ती त्याच १८९४ च्या कायद्याने. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला इथे गोळीबार झाला, पाच शेतकरी गेले. नेतृत्व याच गावच्या दि. बा. पाटलांचे. त्या रक्तातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे धोरण निघाले. मुळशीच्या मावळ्यांना त्याची सावलीसुद्धा मिळाली नव्हती.

बापट १९३१ साली सुटले, पुन्हा आत गेले, पुढे सुभाषबाबूंच्या फॉरवर्ड ब्लॉकमध्ये आले. गोवा मुक्ती, संयुक्त महाराष्ट्र, जिथे सत्याग्रह तिथे पंचाहत्तरीतला हा म्हातारा हजर. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी ते गेले. त्यांच्या नावाचा मुंबईतला रस्ता ज्या गिरण्यांसाठी धरण बांधले त्यांच्याच शेजारून जातो.

ब्रिटनने २००८ साली हवामान बदलाचा स्वतंत्र कायदा केला. आपल्याकडे तसा एकच सर्वसमावेशक कायदा नाही. त्याच साली राष्ट्रीय कृती आराखडा आला, २०२२ साली ऊर्जा संवर्धन कायद्यात दुरुस्ती करून कर्बवायूच्या व्यापाराची सोय झाली, आणि २०७० पर्यंत निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचे वचन आपण २०२१ साली ग्लासगोला दिले आहे. त्यासाठी सौर उद्याने, पवनचक्क्या, उदंचन जलविद्युत प्रकल्प लागणार. म्हणजे दिवसा पाणी वर चढवायचे आणि रात्री खाली सोडून वीज घ्यायची. अशा दोन प्रकल्पांसाठी, शिरवट्याला १८०० मेगावॉट आणि भिवपुरीला १००० मेगावॉट, २०२३ साली टाटा पॉवरने राज्य सरकारशी करार केला. तोच सह्याद्री, तोच पाऊस.

१८९४ चा कायदा बापटांच्या मागे शेहेचाळीस वर्षे जगला. १ जानेवारी २०१४ पासून त्याच्या जागी नवा कायदा आला. त्यात खासगी कंपनीसाठी सरकारने जमीन घ्यायची तर ऐंशी टक्के बाधित कुटुंबांची संमती लागते, आणि जमीन नावावर नसली तरी तिच्यावर पोट असलेल्या कुळाला, शेतमजुराला पुनर्वसनाच्या हिशेबात धरावे लागते. मात्र सौर उद्यानांसाठी जमीन बहुधा भाडेपट्ट्याने किंवा थेट खरेदीने घेतली जाते. तिथे संमतीची ही अट लागू होत नाही.