करेण लोकांचा प्रेषित को था ब्यू

ब्रह्मदेशातील डोंगरांत व रानांत करेण नावाची जात राहते. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी तिच्या भाषेला लिपी नव्हती, आणि ब्रह्मी अंमलदार तिला फार गांजीत असत. याच जातीत, बसीन शहराजवळ, सन १७७८ च्या सुमारास को था ब्यू जन्मास आला. तरुणपणीच तो दरोडेखोर झाला. सुमारे तीस खुनांत आपला हात होता, असे त्याने पुढे स्वमुखाने कबूल केले.

कर्जापायी तो गुलाम झाला, तेव्हा एका ब्रह्मी ख्रिस्ती बंधूने पैसे भरून त्यास सोडविले. परंतु त्याच्या तापट स्वभावापुढे त्या भल्या माणसाचे काही चालेना. शेवटी जडसन साहेबांनी ती रक्कम देऊन त्यास आपल्या घरी घेतले. तेथे तो मोठ्या कष्टाने ब्रह्मी वाचावयास शिकला. त्याची बुद्धी मंद, रागही लवकर सुटेना. म्हणून मंडळीत घेण्यापूर्वी त्याची पुष्कळ दिवस परीक्षा झाली. हे योग्यच झाले, असे आम्हांस वाटते. अखेर ता. १६ मे १८२८ रोजी टव्हॉय येथे बोर्डमन साहेबांच्या हस्ते त्याचा बाप्तिस्मा झाला.

बाप्तिस्म्यानंतर लागलीच तो डोंगरांतल्या करेण खेड्यांकडे निघाला. त्याच्या भाषेत शास्त्राचे एक पानदेखील तेव्हा नव्हते. ब्रह्मी पुस्तक वाचावे व करेण भाषेत अर्थ सांगावा, असा त्याचा क्रम होता. त्याला सांगता येण्यासारख्या गोष्टी थोड्याच होत्या: मनुष्याचे पाप, ख्रिस्ताचे मरण, आणि आपल्यासारख्या खुन्यालाही मिळालेली क्षमा. पण याच गोष्टी तो दिवसभर सांगे, आणि कोणी ऐकावयास बसले तर रात्रभरही सांगे. प्रार्थनेत त्याचे तासांचे तास जात.

सृष्टिकर्त्या देवाने आपणांस दिलेले पुस्तक हरवले असून गोरा भाऊ ते परत आणील, अशी करेण लोकांत पूर्वापार समजूत होती. एका गावी तर कोणा मुसलमान प्रवाशाने दिलेले एक पुस्तक वस्त्रात गुंडाळून लोक पुजीत असत. ते बोर्डमन साहेबांकडे आणून दाखविले, तेव्हा ते इंग्रजी प्रार्थनेचे पुस्तक निघाले! अशा भूमीत को था ब्यूचे शब्द रुजले. फेब्रुवारी १८३१ मध्ये क्षयाने खंगलेल्या बोर्डमन साहेबांस खाटेवर घालून करेण गावी नेले. तेथे त्यांच्या डोळ्यांदेखत ३४ जणांचा बाप्तिस्मा झाला, आणि परतीच्या वाटेवर त्यांनी प्राण सोडला.

को था ब्यू मात्र एका ठिकाणी टिकेना. जमलेली मंडळी सांभाळण्याचे काम त्यास साधत नसे, हे त्याचे चरित्रकार मेसन साहेब स्पष्टपणे लिहितात. नांगरणारा निराळा आणि राखणारा निराळा असावयाचाच. ते काम दुसऱ्यांनी केले. तो रंगूनकडे गेला, तेथून पुढे आराकानात उतरला. ब्रह्मी राज्यातील छळामुळे पुष्कळ करेण ख्रिस्ती त्या प्रांतात आश्रयास आले होते. संधिवाताने अंग आखडले तरी त्याने बोलणे सोडले नाही. ता. ९ सप्टेंबर १८४० रोजी सँडोवे येथे तो प्रभूजवळ गेला.

त्याच्या बाप्तिस्म्यास पन्नास वर्षे झाली त्या दिवशी, ता. १६ मे १८७८ रोजी, बसीन येथील करेण मंडळ्यांनी स्वतः पैसे जमवून बांधलेल्या शाळेच्या मोठ्या दिवाणखान्यास त्याचे नाव देण्यात आले.