औषधाचे पुढे काय होते?

२०१० साली युरोपला गेलेली आपल्याकडची द्राक्षे अडली, त्यात निफाड तालुक्यातल्या आमच्या बागेचाही माल होता. मण्यांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचा, म्हणजे आपल्या सीसीसीचा अंश निघाला. मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅमची. वडिलांना काही केल्या पटेना. वाढ थांबून काडीत घड धरावा म्हणून सीसीसी मारले ते एप्रिल छाटणीनंतर. पुढे ऑक्टोबर छाटणी झाली, पाने सगळी नवी आली, माल निघाला फेब्रुवारीत. इतक्या महिन्यांत औषध विरून जायला नको होते का?

त्या उन्हाळ्यात मी रेचल कार्सन यांचे ‘सायलेंट स्प्रिंग’ पुन्हा काढले. कॉलेजात ते पक्ष्यांचे पुस्तक म्हणून वाचले होते. आता ते हिशेबाचे पुस्तक वाटले, आणि हा हिशेब मांडणारी बाई कोण, याचे कुतूहल लागले.

कार्सनबाईंचा जन्म २७ मे १९०७ चा, पेनसिल्व्हेनियातल्या स्प्रिंगडेलचा. घरी पैशाची ओढाताण, आणि आईला झाडापाखरांचे वेड. लेखिका व्हायचे म्हणून मुलगी कॉलेजात इंग्रजी शिकायला गेली आणि मध्येच जीवशास्त्राकडे वळली. १९३२ मध्ये प्राणिशास्त्रात एम.ए. झाली, डॉक्टरेट करण्याइतकी परिस्थिती नव्हती. १९३५ साली वडील गेले. सरकारी मत्स्यखात्यात रेडिओसाठी माशांवर लिहायचे काम मिळाले, त्यातून पुढच्या वर्षी नोकरी. लग्न केले नाही. आई, बहिणीच्या पोरक्या मुली, पुढे त्यांतल्या एकीचा मुलगा, सगळ्यांचे त्यांनीच केले. १९५१ सालच्या ‘द सी अराउंड अस’ने नाव आणि पैसा दोन्ही दिले, तेव्हा कुठे नोकरी सुटली. माझ्या मते बाईंचे खरे लेखन समुद्रावरचेच. जग मात्र त्यांना विषाच्या पुस्तकासाठी ओळखते.

१९५८ च्या सुरुवातीला मॅसॅच्युसेट्समधल्या मैत्रिणीचे पत्र आले. डासांसाठी विमानातून डीडीटी फवारले आणि तिच्या घराभोवतीचे पक्षी मेले. हा विषय दुसऱ्या कुणी लिहावा म्हणून बाईंनी खटपट केली, शेवटी स्वतःच बसल्या. चार वर्षे लागली.

त्या पुस्तकातल्या कॅलिफोर्नियाच्या क्लिअर लेकपाशी मी सर्वांत जास्त थांबलो. चिलटांचा त्रास म्हणून १९४९ साली तळ्यात डीडीडी सोडले. हे डीडीटीचे भावंड. हवा न पोचणाऱ्या चिखलात डीडीटीचेच डीडीडी होते. १९५४ साली पुन्हा सोडले, पाच कोटी भाग पाण्याला एक भाग. त्यानंतरच्या हिवाळ्यात मेलेले ग्रीब पक्षी सापडू लागले. १९५७ मध्ये तिसरी मात्रा झाली. नंतर पाणी तपासले तर त्यात काहीच नाही! पाण्यातल्या सूक्ष्म जिवांत मात्र दहा लाखाला पाच भाग, आणि पक्ष्यांच्या चरबीत सोळाशे. विष पाण्यातून जिवांत जाऊन बसले होते.

औषध उडून गेले, असे आपण सहज म्हणतो. ऊन, पाणी, मातीतले जिवाणू ते मोडतात हे खरे. पाण्याचा सामू जास्त असला तर मॅलॅथिऑन फवारणीआधी ड्रममध्येच मोडू लागते. पण मोडून त्याचे होते काय? ॲसिफेट झाडात शिरले की त्यातल्या काही भागाचे मेथामिडोफॉस होते, मूळ औषधाहून जहाल. आपल्या नेहमीच्या एम-४५ मधून ईटीयू निघते. डीडीटीपासून होणारे डीडीई तर भलतेच चिवट. पक्ष्यांच्या अंड्यांची टरफले त्याने पातळ होतात, हे बाईंच्या मागे उलगडले. आणि सीसीसी वेलीच्या लाकडात मुरून राहते, नव्या फुटीबरोबर वर चढते. आमच्या पेट्यांचे उत्तर हेच होते.

पुस्तक लिहितानाच, १९६० साली, बाईंच्या स्तनाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झाली. हे त्यांनी लोकांपासून लपवले. आजारी बाईचा राग म्हणून पुस्तक झटकून टाकायला विरोधकांना निमित्त मिळू नये म्हणून. सप्टेंबर १९६२ मध्ये पुस्तक आले आणि औषध कंपन्या तुटून पडल्या. मे १९६३ मध्ये अध्यक्ष केनेडींच्या विज्ञान सल्लागार समितीने बाईंचे म्हणणे बरेचसे उचलून धरले. १४ एप्रिल १९६४ रोजी, ५६ व्या वर्षी, त्या गेल्या. अमेरिकेतली डीडीटीबंदी १९७२ ची.

बाईंमुळे हिवतापाने माणसे मेली, असा आरोप अजून होतो. आमच्या गावात हिवतापाचे कर्मचारी भिंतींना डीडीटी मारून जात, त्याचे उपकार मी विसरलेलो नाही. पण सगळी औषधे बंद करा, असे बाईंनी लिहिलेच नव्हते. बेसुमार फवारणीने डास औषधाला दाद देईनासे होतील, हे मात्र लिहिले होते. आपल्याकडेही १९८९ साली डीडीटी बंद झाले ते शेतीसाठी. हिवतापासाठी वापर पुढे चालूच राहिला.

२०११ च्या हंगामात आम्ही सीसीसीला हात लावला नाही. काढणीआधी नमुना तपासायला दिला. अहवालात ते होतेच. मर्यादेच्या आत, पण होते. वडील कागद हातात धरून बराच वेळ वेलींच्या खोडांकडे पाहत बसले.