हाफकिन आणि लशीबद्दलच्या अफवा

बाळाच्या लशीची तारीख जवळ आली आहे आणि घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भीती घालणारा मेसेज फिरतो आहे. जळगाव असो वा धुळे, तुमच्यापैकी अनेकांनी हा अनुभव घेतला असेल. ही भीती नवी नाही. डॉ. वाल्डेमार हाफकिन यांना सव्वाशे वर्षांपूर्वी तिलाच तोंड द्यावे लागले.

स्वतःपासून सुरुवात

हाफकिन यांचा जन्म 1860 मध्ये ओडेसा येथे झाला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि 1893 मध्ये ते भारतात आले. 1896 मध्ये मुंबईत प्लेग पसरला. तेव्हा भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांनी उष्णतेने मारलेल्या जंतूंपासून लस बनवली. 10 जानेवारी 1897 रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्यांना ताप आला, टोचलेली जागा दुखली; पण ते बरे झाले.

अफवा कशा होत्या?

सुई हातभर लांब असते, टोचताच माणूस मरतो, पुरुषत्व जाते, असे लोक बोलत. घरात शिरून तपासणी करणाऱ्या सरकारी पथकांमुळे आधीच संताप होता. तेव्हा जळगाव-धुळे मिळून एकच खानदेश जिल्हा होता. प्लेगची झळ इथेही पोहोचली. लोकांचा विश्वास मिळाला तो आपल्या माणसांमुळे. आगाखान यांनी सर्वांसमोर लस घेतली आणि त्यांचे अनेक अनुयायी पुढे आले.

एक खरी दुर्घटना

1902 मध्ये पंजाबातील मुल्कोवाल गावात लस घेतलेल्या 19 जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला. दोष हाफकिन यांच्यावर आला आणि त्यांना पदावरून दूर केले गेले. पुढे पुरावे तपासल्यावर बाटली गावात उघडताना दूषित झाली असावी, असे दिसले. 1907 मध्ये ते दोषमुक्त ठरले. 1925 मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव मिळाले. 1930 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्यांचे निधन झाले.

तुमच्यासाठी याचा अर्थ

अफवा आणि खरी चूक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून शंका मनात ठेवू नका, विचारा:

- सुई नवी, एकदाच वापरायची आहे ना?
- गोवर-रुबेलाची बाटली द्रव मिसळून कधी तयार केली? ती 4 तासांत वापरावी लागते.
- लस दिल्यावर अर्धा तास केंद्रातच थांबा.

सौम्य ताप किंवा टोचलेल्या जागी दुखणे सहसा एक-दोन दिवसांत थांबते. श्वास लागणे, झटके येणे किंवा बाळ सुस्त पडणे, यांपैकी काही दिसल्यास लगेच दवाखाना गाठा.

आणि तो मेसेज? पुढे पाठवण्याआधी आशाताईंना किंवा तुमच्या डॉक्टरांना दाखवा.