ग्रॅम : सॉफ्टवेअरच्या मेनूत जाऊन बसलेला डॉक्टर

बॅक्टेरियाचं एखादं प्रोटीन पेशीच्या नेमक्या कुठल्या भागात बसतं, याचा अंदाज सांगणारं 'पीसॉर्टबी' नावाचं एक ऑनलाइन टूल आहे. प्रोटीनचा सिक्वेन्स देताना ते आपल्याला विचारतं : बॅक्टेरिया ग्रॅम-पॉझिटिव्ह की ग्रॅम-निगेटिव्ह? हा ग्रॅम वजनाचा नाही बरं का. हे एका माणसाचं आडनाव आहे, आणि आज मी त्याचीच गोष्ट सांगणार आहे.

हान्स क्रिश्चन ग्रॅम यांचा जन्म १३ सप्टेंबर १८५३ चा, डेन्मार्कमधल्या कोपनहेगनचा. सुरुवातीला त्यांना वनस्पतींचा नाद होता आणि त्यातूनच मायक्रोस्कोप हाताशी आला. १८७८ मध्ये ते डॉक्टर झाले. पुढे शिकायला युरोपात फिरले आणि बर्लिनमध्ये कार्ल फ्रीडलँडर यांच्याकडे काम करू लागले.

तिथे प्रश्न होता न्यूमोनियाचा. दगावलेल्या पेशंटच्या फुप्फुसाचा पातळ काप रंगवला की पेशीही रंगायच्या आणि जंतूही. मग जंतू शोधायचा कसा? ग्रॅम यांनी आधी जांभळा रंग दिला, त्यावर आयोडीन टाकलं आणि मग अल्कोहोलने धुतलं. फुप्फुसाचा रंग निघून गेला, पण काही जंतू जांभळेच राहिले. टायफॉइडच्या जंतूंचा रंग मात्र धुऊन गेला. १८८४ मध्ये त्यांनी ही पद्धत छापली, तीही अजून अपुरी आहे असं सांगूनच. रंग गेलेले जंतू लाल-गुलाबी दिसावेत म्हणून दुसरा रंग देणं नंतर इतरांनी सुरू केलं.

पुढे ते कोपनहेगनला परतले. १८९१ मध्ये औषधशास्त्राचे प्राध्यापक झाले, पेशंटही तपासत राहिले आणि १९२३ मध्ये निवृत्त झाले. १४ नोव्हेंबर १९३८ रोजी ते गेले. काही जंतूंचा रंग टिकतो आणि काहींचा का जातो, याचं आजचं उत्तर त्यांच्या हयातीत मिळालंच नाही.

मग रंग का जातो?

ग्रॅम-पॉझिटिव्ह जंतूची भिंत जाड असते, त्यामुळे रंग आत अडकतो. ग्रॅम-निगेटिव्हची भिंत पातळ असते, पण तिच्या बाहेर आणखी एक पडदा असतो, म्हणजे आउटर मेम्ब्रेन. अल्कोहोलने तो पडदा विस्कटतो आणि रंग बाहेर पडतो.

आता मुद्द्याची गोष्ट. आतल्या पडद्यातलं प्रोटीन ओळखणं त्यामानाने सोपं आहे. त्याच्या साखळीत पाण्यापासून दूर पळणारी साधारण २० अमिनो आम्लं सलग सापडतात. बाहेरच्या पडद्यातली बरीच प्रोटीन्स मात्र पिंपासारखी गुंडाळलेली असतात. तिथे अशी सलग रांग नसते. म्हणून फक्त रांगा शोधणाऱ्या प्रोग्रॅमला ती दिसतच नाहीत. बॅक्टेरियाला बाहेरचा पडदा आहे की नाही, हे सॉफ्टवेअरला आधी कळावं लागतं, ते यासाठीच.

याचा आपल्याला काय उपयोग?

बाहेरचा पडदा अनेक औषधं अडवतो. व्हँकोमायसिनचा रेणू मोठा असल्याने तो आत शिरूच शकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७ च्या यादीत नवीन अँटिबायोटिकची सर्वांत तातडीची गरज असलेल्या गटात सगळे जंतू ग्रॅम-निगेटिव्हच होते.

पण हाच पडदा लशीसाठी कामाचा ठरतो, कारण शरीराच्या संरक्षण यंत्रणेला जंतूचा पृष्ठभागच आधी दिसतो. मेनिन्जायटिस-बी चा जंतूही ग्रॅम-निगेटिव्ह. त्याचा जीनोम कॉम्प्युटरवर चाळून पृष्ठभागावरची प्रोटीन्स शोधली गेली, आणि त्यातून तयार झालेल्या लशीला २०१३ मध्ये युरोपात मंजुरी मिळाली.

मला यात एक गोष्ट फार आवडते. ग्रॅम यांच्याकडे ना जीनोम होता, ना कॉम्प्युटर. आपली पद्धत अपुरी आहे हे माहीत असूनही त्यांनी ती लोकांपुढे ठेवली, आणि पुढचं काम इतरांनी केलं. पुढच्या वेळी लॅब रिपोर्टवर 'ग्रॅम स्टेन' दिसलं, तर आता तुम्हाला माहीत आहे, तो रंग जंतूच्या भिंतीबद्दल आणि पडद्याबद्दल सांगतोय.