रमाबाईंचं वाट पाहणं



आजचं वाचन: याकोब ५:७-८. पावसाची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याचं वचन. खरं सांगू? या दोन ओव्या वाचताना मी तीनदा मोबाइल उचलला. मेल आलाय का बघायला. आठ महिने नोकरीसाठी प्रार्थना करतेय आणि आता अगदी वैताग आलाय.

मग पंडिता रमाबाई आठवल्या. जन्म १८५८. ऐन तरुणपणी दुष्काळात आईवडील गेले, पुढे भाऊ गेला, १८८२ मध्ये पती गेले. कडेवर छोटी मनोरमा. नंतरचं शारदा सदन आणि केडगावचं मुक्ती मिशन आपल्याला माहीतच आहे. मला मात्र त्यांचं उतारवयातलं काम जास्त जवळचं वाटतं.

तेव्हाचं मराठी बायबल खेड्यातल्या बायकांना जड जायचं. संस्कृतच्या एवढ्या मोठ्या पंडिता, पण त्यांनी साध्या मराठीत भाषांतर करायला घेतलं. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. मुक्तीतच छापखाना होता आणि तिथल्या बायकाच टाइप जुळवायच्या. हे काम पंधरा वर्षांहून जास्त चाललं. रमाबाईंना ऐकू कमी यायचं, तब्येत खालावत होती. त्यात १९२१ मध्ये मनोरमा गेली. जिच्या हाती सगळं सोपवायचं, तीच आधी गेली. त्या आईचं काय झालं असेल!

तरी भाषांतर थांबलं नाही. ते पुरं झालं आणि ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल छापून आलं १९२४ मध्ये. ते त्यांनी पाहिलं नाही.

मी आजवर धीर म्हणजे उत्तर येईपर्यंत गप्प बसणं समजत होते. पण शेतकरी काही आभाळाकडे बघत बसत नाही. तो नांगरतो, पेरतो. पाऊस तेवढा देवावर सोडतो. रमाबाईंनीही त्या दिवसाचं काम त्या दिवशी केलं. पुस्तक कधी हातात येईल, हे देवावर सोडलं.

आज मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून अर्धवट राहिलेला कोर्स उघडलाय. तुमचं कोणतं काम वाट पाहण्याच्या नावाखाली अडलंय?

प्रार्थना: हे प्रभू, उत्तर तुझ्या वेळेला दे. तोवर आजचं काम करायला बळ दे. आमेन.